ब्रेकवरचा पाय

माझ्या मुलाचा उजवा पाय झोपेत ब्रेक दाबतो. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि बरीच वर्षं तो चेष्टेचा विषय होता. मध्यरात्री अचानक त्याचा पाय ताठ व्हायचा, टाच गादीत रुतायची आणि शेजारी झोपलेल्या सुनेच्या पोटरीवर दणका बसायचा. "माझं लग्न माणसाशी लावलंत की गाडीशी?" असं ती मला विचारायची. शेवटी तिने पलंगाच्या पायथ्याशी एक जुनी गादी गुंडाळून दोरीने बांधून टाकली. पाय तिच्यावर आपटायचा, दाबायचा, सैल पडायचा. तो कूस बदलून परत घोरायला लागायचा.

तो रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. वय सत्तेचाळीस, त्यातली बावीस वर्षं रात्रपाळी. मी पदवीपर्यंत शिकलेली, ग्रंथालयात नोकरी केलेली. त्यानेही कुठेतरी टेबलामागे बसावं असं मला वाटायचं. "आई, टेबलाला चाकं नसतात," एवढंच म्हणून त्याने विषय संपवला होता. डेपोत त्याला घुबड म्हणतात. मला ते नाव कधीच आवडलं नाही. तो मात्र फोनवर स्वतःच सांगायचा, "हां, घुबड बोलतोय."

त्याच्याबरोबर पंधरा वर्षं एकच कंडक्टर आहे. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. सगळ्यांची तिकिटं फाडून झाली, आतले दिवे मालवले की तो ड्रायव्हरशेजारच्या छोट्या आसनावर येऊन बसतो आणि बोलायला लागतो. रात्रीच्या गाडीवर कंडक्टरचं खरं काम तेच. ड्रायव्हरला जागं ठेवायचं. तो कोडी घालतो, भांडणं उकरून काढतो, थांब्यांची नावं उलटीकडून म्हणायला लावतो, मुद्दाम चुकीचे हिशेब सांगतो म्हणजे ड्रायव्हर चिडून दुरुस्त करेल. "वस्ताद, तेरा सत्ते ऐंशी ना?" "एक्क्याण्णव, गाढवा!" झालं, पुढची दहा मिनिटं झोप जवळ फिरकत नाही.

सगळ्यात लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर असतात. अर्ध्या वाटेवर बदली होते. तिथला त्यांचा एक नियम मुलाने मला फार पूर्वी सांगितला होता. उतरणाऱ्याने जागा सोडायची नाही, जोपर्यंत चढणाऱ्याचा हात स्टेअरिंगवर पडत नाही. मग कंडक्टर दोनदा घंटी मारणार आणि गाडी निघणार. एकदा घंटी म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल. सुटलेला ड्रायव्हर मागच्या बाकावर जाऊन आडवा होतो. "आई, घरच्या गादीवर लागत नाही तशी झोप मला त्या बाकावर लागते," तो म्हणाला होता. "पुढे रेडिओ दुसऱ्या कुणाचंतरी डोकं खात असतो ना!" तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते आणि विसरून गेले.

ब्रेकची सवय कुठून लागली तेही सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी एका पहाटे रेडिओ तापाने फणफणलेला होता आणि बोलता बोलता त्याचा डोळा लागला. आतलं बोलणं थांबलं आणि थोड्या वेळाने माझ्या मुलाचेही डोळे मिटले. किती वेळ, कोण जाणे. चाकाखाली खडी वाजली त्या आवाजाने रेडिओ दचकला आणि त्याने घंटीची दोरी एकदाच ओढली. ठण्ण. पायाने ब्रेक दाबला तो त्या घंटीवर. डोळे त्यानंतर उघडले. गाडी थांबली तेव्हा पुढचं डावं चाक पुलाच्या कडेबाहेर हवेत लटकत होतं. खाली कोरडा ओढा, तीन माणसं खोल. गाडीत अडतीस प्रवासी. एक बाई झोपेतच उठून म्हणाल्या, "इथे चहा मिळेल का?"

कुणाला खरचटलंही नाही. डेपोत सांगितलं की जनावर आडवं आलं. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक, आणि मला, कारण त्या सकाळी घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्याने सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून रेडिओ गाडीत कधी गप्प बसला नाही, आणि मुलाचा पाय झोपेतही जागा राहायला लागला.

आता आजाराचं. तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री गाडी नऊला सुटली. अर्ध्या तासाने, शहर संपायच्या आतच, त्याच्या छातीत कळ आली. त्याने गाडी बाजूला घेतली, हातब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले, इंजिन बंद केलं आणि मग रेडिओला म्हणाला, "मला जरा बरं वाटत नाहीये." रेडिओ सांगतो, "मावशी, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणतो, मागच्या चाकाला दगड लाव."

इस्पितळात डॉक्टरांनी मनगटातून तपासणी करायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, म्हणून उजव्या मांडीतून नळी घातली. दोन रक्तवाहिन्या चोंदल्या होत्या. एक त्याच रात्री मोकळी केली. "दुसरी पाचव्या दिवशी करू," डॉक्टर म्हणाले. "तोवर हृदयाला विश्रांती हवी. शांत झोपू द्या त्यांना. आणि सकाळपर्यंत हा पाय सरळ. गुडघा वाकवायचा नाही, जोर द्यायचा नाही."

उजवा पाय. आम्ही ऐकलं, माना डोलावल्या. त्या गडबडीत घरची ती गुंडाळलेली गादी कुणाला आठवणार?

पहाटे त्याचा डोळा लागला. मी खुर्चीवर होते. चादरीखाली पाय ताठ झालेला मला दिसला. टाच खाली, पंजा पुढे, मांडीचा स्नायू दगडासारखा. "अरे, पाय!" म्हणेपर्यंत चादरीवर लाल डाग उमटला आणि बघता बघता ताटाएवढा झाला. रात्रीची सिस्टर धावत आली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवून सगळ्या अंगाचा भार त्यावर टाकला आणि तशीच पंचवीस मिनिटं उभी राहिली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता, तो मी माझ्या पदराने पुसत होते. रक्त थांबलं. मांडी काळीनिळी झाली, सुजली. "अजून दोन दिवस पाय हलता कामा नये," असं सांगून ती हात धुवायला गेली.

मग आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मी, सून आणि रेडिओ. रेडिओने रजा टाकली होती. सून म्हणाली, "ते झोपले की पाय मारणारच. घरी गादी आहे, इथे काय आहे?"

"मग झोपू द्यायचंच नाही," रेडिओ म्हणाला. "त्यात काय? पंधरा वर्षं मी दुसरं केलंय काय?"

मी शिकलेली बाई. डॉक्टर काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी मी लगेच हो म्हटलं. पायाचं कारण होतंच, पण ते एकच नव्हतं. याचे वडील आठ वर्षांपूर्वी झोपेत गेले. रात्री जेवले, दिवा मालव म्हणाले आणि सकाळी मी हलवून हलवून उठवत राहिले. हृदयच होतं. तेव्हापासून घरात कुणी फार वेळ गाढ झोपलं की मी जवळ जाऊन श्वास बघते. त्यामुळे मुलगा जागा राहणार हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. जागा आहे म्हणजे आहे, हा माझा हिशेब.

खाटेजवळ एकच खुर्ची, एकच माणूस बसायची परवानगी. आम्ही रात्र वाटून घेतली. दहापर्यंत रेडिओ, दोनपर्यंत सून, मग मी. मुलालाही हे पटलं होतं. झोपेची त्याला आमच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. डोळा लागला की चादरीवर तो डाग दिसायचा, म्हणाला. रेडिओ थर्मासमधून काळी कॉफी आणायचा, ओला रुमाल मानेवर ठेवायचा. सून त्याला त्यांच्या मुलीच्या शाळेतल्या गोष्टी सांगायची आणि मध्येच चिमटा काढायची. मी कोडी विचारायचे.

तसं त्या खोलीत कुणालाच झोप नव्हती. सहा खाटा. दिवा चोवीस तास. दंडावरचा पट्टा दर तासाला आपोआप फुगायचा आणि माणूस दचकायचा. कुणाचंतरी यंत्र टिवटिवायचं, ते थांबलं की दुसऱ्याचं. पहाटे रक्त काढायला यायचे, मग फरशी पुसायला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते, नऊ दिवसांपासून. ते म्हणायचे, "इथे झोपायचं असेल ना, तर आधी घरी जावं लागतं." सगळे हळूच हसायचे, छातीवर हात ठेवून. दिवसा जो तो आपल्या झोपेचा हिशेब सांगायचा. मला काल दीड तास, मला सव्वा. माझा मुलगा काही सांगायचा नाही.

तिसऱ्या रात्री त्याने मला विचारलं, "समोरून येतोय तो दिवा खाली का करत नाही?" समोर मॉनिटरचा हिरवा आकडा होता. मी म्हटलं, "अरे, तो मॉनिटर आहे." तो म्हणाला, "हां हां," आणि परत डोळे बारीक करून बघायला लागला. मला वाटलं, थकलाय. असं होतं माणसाचं.

चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला तो उठून बसला. छातीवर चिकटवलेल्या वायरी ओढून काढायला लागला. "सीटबेल्ट निघत नाहीये," म्हणाला. सगळी यंत्रं एकदम ओरडायला लागली. मी त्याचे खांदे धरले तर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही. माझ्या पोटच्या मुलाने. अगदी नम्रपणे, प्रवाशाशी बोलावं तसं, तो म्हणाला, "बाई, तुम्ही बसा जागेवर. स्टेअरिंगवर कोणी नाहीये." आणि त्याने एक पाय खाटेखाली सोडला.

सिस्टर आणि दोन वॉर्डबॉय आले. त्याला आडवं करून वायरी परत चिकटवल्या. मॉनिटरवरच्या त्या रेषा, ज्या मला वाचता येत नाहीत, त्या आता मलाही वेड्यावाकड्या दिसत होत्या. आकडा एकशे अठरा. मध्येच एक ठोका गाळायचा, मग दोन घाईघाईने यायचे. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

सकाळी उशीचा अभ्रा बदलताना आयाच्या हातात तीन पांढऱ्या गोळ्या आल्या. तीन रात्रींच्या झोपेच्या तीन गोळ्या. तो गालात धरायचा आणि सिस्टरची पाठ फिरली की अभ्र्यात टाकायचा. सिस्टरची पाळी संपली होती, तरी ती पर्स खांद्याला लावून परत आली. गोळ्या तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरल्या.

"आजी, हे काय?"

मी सगळं सांगून टाकलं. पाय, गादी, पाळ्या, कॉफी. सांगताना माझ्याच कानाला ते वेड्यासारखं वाटत होतं.

"म्हणजे मी झोपेची गोळी देते आणि तुम्ही वरून कॉफी पाजता?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तेच जास्त भीतीदायक होतं. "मी रोज वहीत लिहितेय, पेशंटला झोप नाही, पेशंटला झोप नाही. डॉक्टर औषधं बदलतायत. आणि तुम्ही तिघं पाळ्या लावून त्याला जागवताय!"

"पाय हलला तर रक्त..."

तिने चादर बाजूला केली. मांडीवरचा निळा डाग पिवळा पडला होता, कडेने विरत चालला होता. "ही जखम परवाच मिटली. आता त्याने नाच केला तरी काही होत नाही. चोर कधीच गेला, आजी. तुमचा पहारा चालू आहे."

मी तिला याच्या वडिलांचंही सांगितलं. तिने चादर परत नीट केली. मग म्हणाली, "झोपेला कशाला दोष देता? ती बिचारी नुसती तिथे होती."

डॉक्टर दहाला आले. रेषांचा कागद हातात धरून म्हणाले, "अशा अवस्थेत दुसरी रक्तवाहिनी मी उघडू शकत नाही. ठोके चुकतायत, रक्तदाब वर आहे. आज रात्रीही झोप आली नाही, तर गुंगीत ठेवावं लागेल, कदाचित श्वासाची नळीही घालावी लागेल. त्या हृदयाला ते कितपत झेपेल, मी सांगू शकत नाही." मग ते पुढच्या खाटेकडे वळले. सून माझा हात धरून उभी होती. तिच्या नखांच्या खुणा दोन दिवस माझ्या मनगटावर होत्या.

म्हणजे ती एक रात्र आमच्या हातात होती. ज्या झोपेला मी आठ वर्षं घाबरत आले, तीच आता मागायची होती. आणि ती येईना.

सिस्टरने रात्री गोळी दिली, तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं. गोळी पोटात गेली. पापण्या जड झाल्या, खाली आल्या आणि झटक्यात परत वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. चादरीखाली पाय ताठच. मी म्हटलं, "जखम बरी झाली रे. झोप आता." त्याने मान हलवली, ऐकू येत होतं, पण पायापर्यंत ते पोचत नव्हतं. चार दिवस आम्हीच त्याला शिकवलं होतं की झोपलास तर मेलास.

साडेनऊला रेडिओ दारात उभा राहिला. कॉफीचं सगळं सिस्टरला कळलं होतं. तिने त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"पाच मिनिटं. आणि पेशंटशी एक अक्षर बोलायचं नाही."

"एकही नाही, सिस्टर. तोंडाला कुलूप."

"किल्ली माझ्याकडे द्या."

तो आत आला. रेडिओला गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एक मिनिट. दीड मिनिट. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मुलगा त्याच्याकडे टक लावून बघत होता आणि मॉनिटरवर आकडा वाढत होता. एकशे सोळा, एकशे एकोणीस. तेव्हा मला समजलं नाही, आता समजतं. रेडिओ गप्प म्हणजे काय, हे मुलाचं शरीर त्या पुलावर शिकलं होतं.

शेवटी रेडिओला राहवेना. पेशंटशी बोलायला बंदी होती, माझ्याशी नव्हती. त्याने कोपऱ्यातलं एक स्टूल उचललं, खाटेकडे पाठ केली, माझी खुर्चीही दाराकडे वळवून घेतली आणि हळू आवाजात सुरू झाला. "मावशी, गेल्या आठवड्यातली गंमत सांगतो. एक माणूस शिलाई मशीन घेऊन चढला. मी म्हटलं, सामानाचं तिकीट लागेल. तो म्हणतो, सामानाचं नको, पूर्ण तिकीट द्या, पण तिला खिडकी पाहिजे."

"कुणाला?"

"मशीनला!"

मला हसू आलं नाही, पण मी "मग?" म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवं म्हणून. तो पुढे बोलत राहिला. आमच्या मागून, जाड झालेल्या जिभेने, मुलाचा आवाज आला.

"गाडी कुणाकडे आहे?"

रेडिओ थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कडक ताकीद होती, तो उत्तर देऊ शकत नव्हता. आणि त्या क्षणी मला ती जुनी, हसून सोडून दिलेली गोष्ट आठवली. मागचा बाक. पुढे रेडिओ, दुसऱ्याचं डोकं खाणारा.

"माझ्याकडे आहे," मी मागे न बघता म्हटलं. "तू मागे जा, पड जरा."

"हात लाव आधी."

समोर दुसरं एक गोल स्टूल होतं, त्यावर आमचा डबा ठेवलेला. मी डबा खाली ठेवला आणि स्टुलाची गोल कड दोन्ही हातांनी धरली. त्याला दिसेल अशी. लोखंड गार होतं. रेडिओने बोटाच्या पेराने शेजारच्या कपाटावर दोनदा मारलं. टक, टक.

"तर मावशी," तो म्हणाला, "त्या मशीनला खिडकी दिली एकदाची. आता पुढच्या थांब्यावर एक बाई चढल्या..."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. सिस्टर दाराशी आली, तोंड उघडलं, खाटेकडे पाहिलं आणि तशीच मागे फिरली.

मला मागे वळायचं होतं आणि वळता येत नव्हतं. समोरच्या दाराच्या काचेत मॉनिटरचा आकडा उलटा दिसत होता. मी तो सुलटा करून वाचत होते. एकशे दोन. चौऱ्याण्णव. शहाऐंशी. आकडा उतरत होता. शहात्तर. त्या दुसऱ्या रात्री, याच्या वडिलांच्या रात्री, असा आकडा असता तर तो असाच उतरत गेला असता, थांबलाच नसता. अडुसष्ट. मी स्टूल सोडलं, वळले आणि त्याचा खांदा हलवायला हात पुढे केला.

"आजी." सिस्टर कधी आली कळलं नाही. तिने माझं मनगट हवेतच धरलं. "हात मागे."

"उतरतोय," मी कुजबुजले. "बघा ना, उतरतोय."

"उतरू दे. झोपलाय तो."

"मावशी," रेडिओ आपला सूर जराही न बदलता, दाराकडेच बघत म्हणाला, "उतार लागलाय. उताराला गाडी दामटायची नाही, हळूच सोडायची. हात परत जागेवर ठेवा बघू. तर त्या बाई काय म्हणाल्या..."

मी हात जागेवर ठेवले. एकसष्टवर आकडा थांबला आणि तिथेच राहिला.

एकच्या सुमाराला रेडिओचा घसा बसला. ज्या सिस्टरने त्याला पाच मिनिटं दिली होती, तिनेच पाण्याचा ग्लास आणून त्याच्या हातात दिला. "थांबू नका," म्हणाली. त्याने एक घोट घेतला तेवढ्यात खोली शांत झाली, आणि मागे चादर सरकल्याचा आवाज आला. मी मान वळवली. पाय ताठ झाला होता. टाच रुतली, पंजा पुढे आला, हळूहळू दाबत गेला. सिस्टर मांडीकडे धावली. ग्लास रेडिओच्या हातातच राहिला. चादर पांढरीच होती. पांढरीच राहिली.

रेडिओने पुन्हा कपाटावर दोनदा वाजवलं.

पाय सैल पडला. बोटं बाहेरच्या बाजूला कलली, झोपलेल्या लहान मुलाची कलतात तशी.

शेजारच्या खाटेवरून शिंपीआजोबांचा आवाज आला, "आता मलाही डुलकी येतेय हो. पण त्या मशीनचं पुढे काय झालं ते सांगा आधी. कोणती मशीन होती? पायाची की हाताची?"

तो पाच तास दहा मिनिटं झोपला. हे सिस्टरच्या वहीतलं आहे, मी नंतर मागून पाहिलं. रेडिओचा आवाज दोन दिवस फुटला नाही. डेपोतले म्हणाले, पंधरा वर्षांत पहिल्यांदा बंद पडला. पुढच्या रात्री आम्ही तसंच केलं, त्याच्या जागी सून माझ्याशी बोलली. सातव्या दिवशी दुसरी रक्तवाहिनी उघडली, या वेळी दुसऱ्या हाताच्या मनगटातून.

आता तो घरी आहे, बारा दिवस झाले. रात्रीची गाडी बंद, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. डेपोत चौकशीच्या खिडकीत बसवतील म्हणतात. "टेबलामागे," तो मला म्हणाला, "तुझ्या मनासारखं झालं एकदाचं." मी हसले नाही. तोही हसला नाही.

रोज रात्री आडवं झाल्यावर तो एकदा विचारतो, गाडी कुणाकडे आहे. आधी चेष्टेत विचारायचा. आता नुसता विचारतो. दमलेली सून केव्हाच झोपलेली असते, म्हणून उत्तर मीच देते आणि त्यांच्या दाराबाहेर या टेबलाशी येऊन बसते. पायथ्याची गादी मी घट्ट बांधली आहे. दोनदा तपासली.

दोन वाजायला आलेत. आतून घोरण्याचा आवाज येतोय. मध्ये एकदा थांबला. मी पेन खाली ठेवलं आणि मोजायला लागले. पाच. सहा. सात. खांदा हलवायला उठू नये म्हणून टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. नऊला परत सुरू झाला.

सहाला सून उठेल. तोवर हात काढायचे नाहीत.